एकाच फेरीत सगळं

मुकुंद टिकेकरांविषयी कोणी चांगलं बोलायला लागलं की मला तिथून उठावंसं वाटतं. पंचाईत अशी की आयर्लंडातले झाडून सगळे मराठी लोक त्यांच्याविषयी चांगलंच बोलतात. "दादा होते म्हणून निभावलं," हे वाक्य मी डब्लिनमध्ये ऐकलंय, कॉर्कमध्ये ऐकलंय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसले असताना एका अनोळखी मुलीच्या फोनवरच्या बोलण्यातही ऐकलंय. मी मान हलवते. कारण दादांनी माझंही निभावलं होतंच.

मी लिमरिकला नोकरीला लागले तेव्हा ते त्याच कंपनीत वरच्या जागेवर होते. शॅनन विमानतळावर मला घ्यायला आले. ठेंगणे, गोरे, पोट सुटलेले, केस काळेभोर रंगवलेले, अंगात बाराही महिने घालायचं कंपनीचं जॅकेट. "वृंदा ना? मी आहे ना, आता काळजी सोड," असं म्हणून त्यांनी बॅग घ्यायच्या आधी माझ्याबरोबर फोटो घेतला. दोन विमानं बदलून आलेली मी, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. गाडी पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत तो फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर होता, खाली मजकूर: 'आपली आणखी एक लेक सुखरूप घरी.' घरी म्हणजे कुठे? तिथून आम्ही आधी कोणाचा तरी कुकर पोचवायला गेलो, मग एक जुना सोफा बघायला गेलो, मग टायरवाल्याकडे. मी मागच्या सीटवर पेंगत होते. "एवढं या बाजूला आलोच आहोत तर एकाच फेरीत उरकतंय," ते आरशातून म्हणाले.

एकाच फेरीत उरकणं हा त्यांचा धर्म होता. एका कामासाठी घराबाहेर पडणं त्यांना पाप वाटायचं. हळदीकुंकू असेल तर त्यातच कोणाचं तरी डोहाळजेवण बसवायचे. कोणाला हॉस्पिटलमध्ये बघायला गेले तर खालच्या मजल्यावर स्वतःचं रक्त तपासायला देऊन यायचे. आणि हे सगळं दुसऱ्याच्या भल्यासाठी चाललंय असा चेहरा. ऑफिसातले आयरिश लोकही त्यांच्यावर खूश. "युअर मॅन मुकुंद, फेअर प्ले टू हिम," म्हणजे आपल्या मुकुंदाची शाबास, असं माझी बॉस ओर्ला म्हणायची आणि मी हसायची.

त्यांच्या सवयी सांगायला नकोत, पण सांगते. गाडीची किल्ली ते कानात घालायचे. बोलता बोलता, मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, किल्ली कानात जायची, फिरायची, बाहेर यायची, तिचं टोक डोळ्यांसमोर धरून तपासलं जायचं आणि मग, "वृंदा, जरा गाडीतून डबे घेऊन ये गं," म्हणून तीच किल्ली माझ्या हातात. कोणाच्याही घरी गेले की सरळ स्वयंपाकघरात शिरून प्रेस उघडायचे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि दादांनी ज्याचं प्रेस उघडलेलं नाही असं मराठी घर लिमरिकमध्ये नसेल. गॅसवरच्या पातेल्यातली आमटी डावाने चाखायची, ओठ पुसायचे, तोच डाव परत पातेल्यात. "मीठ जरा कमी आहे," हे वर. घरातली बाई हसून म्हणायची, "दादा म्हणजे अगदी घरचेच." मी त्या आमटीकडे बघत भात ताकाशी खायची.

किलकेनीची गोष्ट मात्र सवयीत बसत नाही. तिथल्या हॉस्पिटलमध्ये नागपूरचं एक डॉक्टर जोडपं आहे. त्यातल्या बाईचे वडील तिकडे अचानक गेले. दादांनी फोनाफोनी करून तिचं तिकीट काढलं, तिला विमानतळावर पोचवायची जबाबदारी घेतली. इथवर काही म्हणायचं नाही. पण ते एकटे गेले नाहीत. दोन गाड्या भरून आम्हांला घेऊन गेले, सोबत पुरीभाजी. आम्ही त्या बाईच्या हॉलमध्ये ओळीने बसलो. ती रडत होती, नवरा तिची बॅग भरत होता. थोडा वेळ गेला आणि दादा हळूच त्या नवऱ्याला म्हणाले, "इथून तुमचा तो कॅसल किती लांब आहे हो? नाही म्हणजे, फ्लाइट संध्याकाळची आहे. ही मंडळी एवढी आलीच आहेत तर."

आणि मंडळी गेली! किल्ला बघून, नदीकाठी आइस्क्रीम खाऊन, परत येऊन त्या घरी चहा प्यायली. त्या बाईने सगळ्यांना चहा केला. दादांनी तिला वेळेवर विमानतळावर नेलं, आत जाईपर्यंत थांबले, आणि तिथल्या काचेसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवून एक फोटो घेतला. 'दुःखात आम्ही एक कुटुंब.' ती बाई आजही त्यांना भाऊबीजेला ओवाळते. तिचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला ते जमलं नसतं, एवढंच.

तर एके दिवशी दादांनी सहलीची घोषणा केली. गालापागोस बेटांवर छोट्या जहाजातून प्राणी-पक्षी, आणि त्याला जोडून पेरूमध्ये इंका लोकांची जुनी शहरं. "प्राणी झाले, इतिहासही झाला," ते म्हणाले. "एवढा समुद्र ओलांडायचा आणि एकच बघून परत यायचं? आपल्याला येडे म्हणतील लोक." मला ती बेटं लहानपणापासून बघायची होती, माणसाला न घाबरणारे प्राणी बघायचे होते, आणि एकटीने जायचा धीर होत नव्हता. मी नाव दिलं. दादांच्या बायकोने दिलं नाही, कारण मुलीची लीव्हिंग सर्टची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा होती. तिच्या जागी आल्या दादांच्या आई, मिरजेच्या टिकेकर काकू. दादांनी त्यांना माझ्या केबिनमध्ये टाकलं. "तुला सोबत होईल," मला म्हणाले. "तुझ्याकडे लक्ष राहील," त्यांना म्हणाले. म्हणजे ते स्वतः मोकळे.

काकू म्हणजे वाळलेल्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. विमानात पहिल्यांदा शेजारी बसलो तेव्हा मी सहज विचारलं, "काकू, तुम्हांला काय बघायचंय जास्त, कासवं की किल्ले?"

"मला कावळा बघायचाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. वर्षभरापूर्वी त्यांचे यजमान, दादांचे वडील, अण्णा वारले. दादा मिरजेला गेले, अग्नी दिला, आणि दहाव्याच्या आधीच परत आले, कारण इथे त्यांचं कसलंसं प्रेझेंटेशन होतं. दहावा पुतण्याने केला. कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे होते, शेजारच्या झाडावर बसून होते, पण खाली येईनात. नातेवाईक हात जोडून एकेक वचन देत राहिले. वहिनींना अंतर देणार नाही, घर विकणार नाही, अमक्याचं शिक्षण करू. कावळे ढिम्म. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

"ह्यांची सवय होती," काकू म्हणाल्या. "मुकुंदा शाळेतनं, कॉलेजातनं कितीही उशिरा येऊ दे, तो आल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. मग तिथं कसे बसतील?"

म्हणून त्यांनी मुलाकडे एकच मागितलं होतं. वर्षश्राद्धाला त्याने स्वतःच्या हाताने घास ठेवायचा आणि खरा कावळा येऊन घेईपर्यंत तिथून हलायचं नाही. दादांना मिरजेला जायला रजा मिळेना, म्हणून काकूच आयर्लंडला आल्या. आणि रजा नव्हती त्या माणसाने सहलीची तारीख अशी धरली की श्राद्धाची तिथी बरोबर जहाजावर पडावी. "आई, समुद्रातच करू ना! समुद्र म्हणजे सगळी तीर्थं एकत्र," असं त्यांनी समजावलं. कावळ्याचं काय, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "अगं, पक्षी बघायलाच तर चाललोय. पक्षीच पक्षी आहेत तिथे. मी आहे ना."

आधी पेरू झालं. कुस्को इतक्या उंचावर आहे की जिना चढून गेलं तरी धाप लागते. तिथल्या सूर्यमंदिरात गाइड सांगत होता, इंका लोक आपल्या मेलेल्या राजांना पुरत नसत. त्यांची शरीरं जपून ठेवत, सणाला नवी वस्त्रं नेसवून बाहेर आणून बसवत, त्यांच्यापुढे जेवण वाढत, मक्याची दारू ठेवत, आणि महत्त्वाच्या गोष्टी त्यांना विचारून करत. मी ते काकूंना मराठीत सांगितलं. काकू काळ्या दगडाच्या त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या. सांधा दिसत नाही असे दगड आहेत ते.

"म्हणजे पान वाढत होते," त्या म्हणाल्या. "आणि पोरं समोर बसत असतील."

पोरगा तेव्हा अंगणात ग्रुपला उंचीप्रमाणे उभं करत होता. माचू पिचूला तर त्याने कहर केला. सकाळचं धुकं फाटून खाली ते शहर दिसायला लागलं, सगळे आपोआप गप्प झाले, आणि दादांनी घसा फाडून "गणपती बाप्पाऽऽ" दिलं. ग्रुपने "मोरया" म्हटलं. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. दादांनी त्यालाच अंगठा दाखवला आणि म्हणाले, "ग्रँड, ग्रँड, नो प्रॉब्लेम." काकूंचे गुडघे दुखत होते तरी त्यांना पायऱ्यांवरून वर ओढून नेलं. वर पोचल्यावर फोटो झाला, 'माझी माउली माचू पिचूवर', आणि त्यांना तिथेच दगडावर बसवून दादा पुढच्या फोटोला गेले. काकूंना हात धरून मी उतरवलं. मला एवढ्या सुंदर जागी एवढा संताप यायला नको होता, पण आला. डोंगर बघायचे सोडून मी त्या माणसाची पाठ बघत होते.

बेटांवर जायच्या विमानतळावर सामान तपासतात. बाहेरचं बी, फळ, झाडपाला काही आत जाऊ देत नाहीत, कारण तिथली जमीन दुसऱ्या कशानेही बिघडते. हे सगळं आम्हांला कागदावर आधीच दिलं होतं आणि दादांनीच ते ग्रुपवर टाकलं होतं. त्यांच्याच बॅगेतून निघाले काळे तीळ आणि दर्भाची जुडी. हातमोजे घातलेल्या बाईने ती जुडी उचलून उजेडात धरली. "रिलिजियस! रिलिजियस!" दादा ओरडले. बाईने शांतपणे जुडी कचऱ्यात टाकली, तिळाची पुडी तिच्यावर. काकू रांगेत माझ्यापुढे होत्या. घाटावर जो शेवटचा उपाय असतो तोही आता राहिला नव्हता, हे त्यांना कळलं होतं आणि मला कळलं होतं.

जहाज लहानसं होतं, सोळा-वीस माणसांचं. सगळं काही दोन पावलांवर. समुद्रसिंह धक्क्यावरच्या बाकांवर माणसांसारखे झोपलेले, काळ्या सरड्यांचे ढीग उन्हात एकमेकांवर पाय टाकून पडलेले, निळ्या पायांचे पक्षी आमच्या बुटांपाशी येऊन नाचत होते. मी इतकी खूश कधीच नव्हते. आमची गाइड मारिसोल म्हणून तिथल्याच बेटावर वाढलेली मुलगी होती. ती रोज एकच सांगायची: हात लावू नका, खायला घालू नका, पाण्यात काही टाकू नका. "दे ट्रस्ट अस," ती म्हणायची. "डोन्ट मेक देम सॉरी फॉर इट." दादा मान डोलवायचे आणि सरड्याला बुटाने किंचित ढकलायचे, म्हणजे तो कॅमेऱ्याकडे तोंड करेल.

मी मारिसोलला एकदा हळूच विचारलं, इथे कावळे कुठे दिसतील?

"कावळे?" ती हसली. "आमच्याकडे नाहीत. एकही नाही."

हे मी दादांना सांगितलं. ते नाश्त्याच्या टेबलावरचे पाव कागदात गुंडाळत होते. "आईला नको बोलूस," ते म्हणाले. "उगाच सेंटी होईल. मी मॅनेज करतो."

तिथीच्या दिवशी काकूंनी उजाडायच्या आत त्या खोक्याएवढ्या न्हाणीघरात अंघोळ केली, धुवट साडी नेसल्या, आणि स्वयंपाक्याकडे जाऊन हातवारे करून भात, खीर आणि कसलेसे वडे करवून घेतले. पान वाढून डेकवर आणलं. दादा तयार होते. सोवळं नव्हतं, तरी पांढरा झब्बा होता. फोन एका तिवईवर बसवून कठड्याला रबराने बांधला होता. मागे बेट आलं पाहिजे म्हणून दोनदा तिवई हलवली. जहाजाबरोबर काही मोठे काळे पक्षी वाऱ्यावर तरंगत येत होते. फ्रिगेट म्हणतात त्यांना. लांब वाकडी चोच, शेपटी दुभंगलेली.

"हे बघ आई," दादा म्हणाले, "आला की नाही?"

काकूंनी वर बघितलं. "हा कावळा न्हवं."

"इथला कावळा असाच असतो. क्लायमेटमुळे."

काकूंनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. अशा नजरेने माझ्याकडे कोणी बघितलं असतं तर मी समुद्रात उडी मारली असती. दादा फोनची चौकट तपासत होते. मग त्यांनी भाताचा घास उचलला, डोळे मिटले, आकाशाकडे हात केला आणि घास फेकला. पक्ष्याने ढुंकून पाहिलं नाही. अर्धा भात जहाजाच्या पांढऱ्या अंगाला चिकटला, अर्धा पाण्यात गेला. तिथे माशांची झुंबड उडाली. काकूंनी हात जोडले होते ते तसेच राहिले.

दादा फोनपाशी गेले, चित्र मागे घेऊन पाहिलं, आणि म्हणाले, "आई, तुझा चेहरा नाही आला. पदर मध्ये आलाय. परत एकदा कर बरं. तू तिथे उभी राहा, मी परत घास टाकतो, आणि तू जरा वर बघ."

मला किळस आली. हा शब्द जड आहे, मला माहीत आहे. माणसाबद्दल सहज वापरू नये. पण किल्ली, डाव, किल्ला, सगळं त्या क्षणी एकदम वर आलं आणि मी कठडा धरून उभी राहिले. तेवढ्यात मारिसोल धावत आली. तिने दादांच्या हातातला दुसरा घास अक्षरशः काढून घेतला. दादा चिडले, आमच्या धर्माचा अपमान होतोय म्हणाले, तक्रार करीन म्हणाले. मारिसोलने मला विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं. काकूंना काय हवं होतं तेही सांगितलं. ती काकूंपुढे गुडघ्यावर बसली आणि स्पॅनिशमध्ये बरंच काही बोलली. काकूंना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते पान त्यांनी परत स्वयंपाकघरात नेऊन दिलं आणि दिवसभर अन्नाला शिवल्या नाहीत. कावळ्याच्या आधी जेवायचं कसं?

दादांनी रात्रीच्या जेवणात दोनदा वाढून घेतलं.

परत आल्यावर ते सगळं संपलं असतं तर बरं होतं. पण डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम झाला आणि दादांनी सहलीची फिल्म दाखवली. कासवं, सरडे, माचू पिचू, आणि मग बासरी लावून ते श्राद्ध. घास उडतो तिथे चित्र मंद केलं होतं. काळा पक्षी दुसऱ्या कुठल्यातरी तुकड्यातला उचलून असा जोडला होता की त्यानेच घास झेलला असं वाटावं. खाली अक्षरं आली, 'अण्णा, तुम्ही आलात.' हॉलमध्ये बायकांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत काकूंना शाल घालून बसवलं होतं. मी शेजारी होते.

"हे कुणाचं श्राद्ध दाखवालाय गं?" त्यांनी मला विचारलं.

टाळ्या वाजत होत्या, दादा स्टेजवरून आईकडे हात करत होते, लोक उभे राहून मागे वळून बघत होते. काकूंनी शाल काढून नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली.

मिरजेला परतायच्या आधी त्यांनी मला फोन केला. "तुझ्या परसात कावळे येतात होय गं?" येतात म्हणजे काय! लिमरिकमध्ये कावळ्यांना तोटा नाही. माझ्या धुराड्यात एका जोडीचं घरटंच आहे. कचऱ्याचा डबा उघडा राहिला की अंगणभर पसारा करतात. टिकेकरांच्या मागच्या अंगणातही बसतात, काकू रोज सकाळी ओट्याशी उभ्या राहून त्यांच्याकडे बघत असत. पण तिथे त्यांनी विषय काढला की दादा म्हणायचे, "झालंय ना ते आई, किती छान झालं."

रविवारी दादा त्यांना माझ्याकडे सोडून गेले. तेवढ्यात त्यांना गाडी धुऊन घ्यायची होती. काकूंनी माझ्या ओट्यावर स्वयंपाक केला. भात, वरण, वडे, खीर, आमसुलाची चटणी. अळू नव्हतं, पालकावर भागवलं. दादा परत आले तेव्हा पान तयार होतं. बाहेर पाऊस थांबून सगळं निथळत होतं.

"मुकुंदा," काकू म्हणाल्या, "बूट काढ. हा घास त्या टाकीवर ठेव आणि उभा राहा."

माझ्या अंगणात तेलाची हिरवी टाकी आहे, घर गरम करायच्या तेलाची. तिच्यावरच्या सपाट जागेकडे त्या बोट दाखवत होत्या. दादांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आईचं काय ते करून टाकू, अशा अर्थाने. पण बूट काढले, मोज्यांवर ओल्या गवतातून गेले, भाताचा घास आणि शेजारी वडा ठेवला. कौलांवर दोन कावळे येऊन बसले. काकू दारात हात जोडून उभ्या राहिल्या. सगळं जुळून आलं होतं. आणि दादांचा फोन वाजला.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "यूएसचा कॉल आहे." रविवारी! ते बोलत बोलत आत आले, हॉलमध्ये गेले, दार लोटलं. आतून त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. कावळे बसून होते. मान वाकडी करून टाकीकडे बघायचे, परत सरळ. दोन मिनिटं कधीच होऊन गेली. काकू अंगणात उतरल्या. त्या कधी नवऱ्याचं नाव घेत नसत, तेव्हाही घेतलं नाही.

"अहो," कौलांकडे बघून त्या म्हणाल्या, घरात कोणाला हाक मारावी तशा. "तो काही यायचा नाही. त्याच्यासाठी उपाशी बसू नका. मी सोडलं त्याला. तुम्हीपण सोडा आता, आणि जेवा."

एक कावळा खाली आला. टाकीवर दोन उड्या मारून पुढे सरकला, घास उचलला आणि शेजाऱ्यांच्या भिंतीवर जाऊन खाल्ला. मागून दुसरा आला, त्याने वडा नेला. काकूंनी जमिनीला हात लावून नमस्कार केला. मी रडत होते, त्या नव्हत्या. आत येऊन हात धुतले, पाट नाही म्हणून खुर्चीवर खिडकीकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ गं. भूक लागली."

दादा कॉल संपवून बाहेर आले तेव्हा त्या वरणभात कालवत होत्या.

"आला?" त्यांनी विचारलं.

"आला. जेवला."

"मला हाक नाही मारलीस?"

"तू बोलत होतास."

दादा हसले. "ग्रँड. मग झालं ना, सुटलो," म्हणाले. पण जागचे हलेनात. टाकीकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन माझ्या ओट्यावर ठेवला, पातेल्यातला भात हाताने घेतला, वर वडा दाबला आणि बाहेर गेले.

खिडकीतून मला ते दिसत होते. मोज्यांवर, ओल्या गवतात, हात कौलांकडे उंच धरून. "काव, काव," त्यांनी एकदा हाक मारली. मग थांबून परत, जरा मोठ्याने. वर एकही कावळा नव्हता. फोटो घ्यायला कोणी नव्हतं, आणि त्यांनी कोणाला बोलावलंही नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आली, आणि आल्याबद्दल स्वतःचाच राग आला. ओट्यावर फोन परत वाजायला लागला.

"काकू," मी म्हटलं, "दादा अजून बाहेरच उभे आहेत. बोलवू का आत?"

काकूंनी वळून पाहिलं नाही. घास तोंडात होता, तो संपवला.

"उभा राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि ताक असलं तर घाल बघू थोडं."